बिब्ब्याचा डाग

“बिब्बा कोणी लावला?” मी विचारलं.

खाटेवरच्या बाईनं नुसते डोळे उघडले. खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसलेली म्हातारी मात्र उठून उभी राहिली.

“कोनी नाई लावला जी,” ती म्हणाली.

प्रश्न मी मुद्दाम तसा विचारला होता. ‘बिब्बा लावला का’ असं विचारलं की माणूस ‘नाही’ म्हणतो, हे मला त्वचारोग विभागात आल्यावर पहिल्या महिन्यातच कळलं होतं. बिब्बा लावून येणाऱ्यांवर आम्ही ओरडत असू. त्यामुळे बाहेरच्या बाकावर बसलेले लोकच एकमेकांना पढवून ठेवत, की डॉक्टरनं काही विचारलं तरी नाही म्हणा. कंबर धरली, गुडघा सुजला, पाय मुरगळला की बिब्बा तापवायचा, सुईच्या टोकानं त्याचं तेल टिपायचं आणि दुखऱ्या जागी डाग द्यायचा. दुसऱ्या दिवशी तिथं फोड, पाचव्या दिवशी काळी खपली, आठव्या दिवशी आमची ओपीडी. म्हणून मी ‘लावला का’ सोडून ‘कोणी लावला’ असं विचारायला लागले होते. दहातली आठ माणसं गडबडून नाव सांगत. सासूनं, शेजारणीनं, मीच.

या म्हातारीनं नाव सांगितलं नाही.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा, सोमवार. याला आता अठरा वर्षं झाली. पूर्व विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात मी त्वचारोगाचं पदव्युत्तर शिक्षण घेत होते, दुसऱ्या वर्षाला. दुपारी तीन ते पाच या वेळात दुसऱ्या वॉर्डांतले ‘रेफरन्स’ बघणं हे माझं काम. कुठल्याही वॉर्डात कुणाच्या अंगावर काही उठलं की तिथले डॉक्टर आमच्याकडे एक कागद पाठवत. मी जाऊन पेशंट बघायचा आणि त्याच कागदावर खाली दोन ओळींत मत लिहायचं. दिवसाला पंधरा-सोळा कागद असत. मी ते दोन तासांच्या आत उरकायची आणि त्याबद्दल माझं कौतुक व्हायचं. आमचे विभागप्रमुख घरोटे सर सांगत, “आधी बघा, मग विचारा. माणूस खोटं बोलतो, कातडी बोलत नाही.” मला ते वाक्य फार आवडत असे.

त्या दिवशीचा सातवा कागद मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डातला होता. खाट क्रमांक बावीस. दुर्पता टेंभुर्णे, वय सव्वीस. सात दिवस ताप, अंगावर बारीक पुरळ, कमरेवर काळी खपली, मत द्यावे. कागद लिहिणारा डॉक्टर तन्वीर काझी माझ्या शेजारीच उभा होता. तो माझ्याच वर्षाचा, त्या वॉर्डाचा निवासी डॉक्टर. दोन दिवस त्यानं शर्ट बदललेला नव्हता.

पोटावरचं पुरळ फिकट होतं, बोटानं दाबलं की जात होतं. तसं पुरळ कुठल्याही तापात येतं. मग मी तिला कुशीवर वळवलं. उजव्या कमरेवर, साडी खोचतात तिथून चार बोटं मागे, हरभऱ्याएवढी काळी कोरडी खपली होती. भोवती लाल कड. मी अंगठ्यानं दाबून पाहिली. तिनं अंग चोरलं नाही.

“दुखतं?”

“नाई.”

“खाज?”

“नाई जी.”

मी म्हातारीकडे पाहिलं. तिच्या उजव्या मनगटावर आणि लुगड्याखाली दिसणाऱ्या दोन्ही घोट्यांवर जुने डाग होते, कडेला काळपट आणि मध्ये पांढुरके. असे डाग मी दारातून ओळखायची.

“आणि हे काय आहे?”

“हा बिब्बा,” ती लगेच म्हणाली. “मीच लावते जी. गावात समद्यायले मीच लावते.”

तन्वीर माझ्याकडे बघून हसला. “घ्या वझे, कारखानाच सापडला.”

“पन तिचा हा माहा नोहे,” म्हातारी त्याच सुरात पुढं म्हणाली. “मी लावला असता तं सांगतलं असतं. मले काय भेव?”

ही पार्बताबाई, दुर्पताची सासू. घरी दोघीच, आणि दुर्पताची चार वर्षांची मुलगी. ती शेजारणीकडे ठेवली होती. मुलगा हैदराबादेकडे बांधकामावर होता, त्याला निरोप गेला होता पण तो पोचायचा होता. एवढं सगळं म्हातारीनं न विचारता सांगितलं. दुर्पता तापानं सुकलेल्या ओठांनी हसली. “आत्याबाई बिब्बा घेऊन आल्या का मी वावरात पळते जी,” ती म्हणाली. “आठ वर्सं झाली लग्नाले. एकडाव बी लावू नाई देल्ला.”

“भित्री हाय,” सासू म्हणाली.

मी कागदावर लिहिलं. इंग्रजीत लिहिलं, त्याचा अर्थ असा: कमरेवरील खपली बिब्बा लावल्याने. पुरळ तापामुळे. त्वचेसाठी वेगळ्या उपचारांची गरज नाही. खाली सही आणि वेळ, तीन चाळीस.

मी निघाले तशी पार्बताबाई दारापर्यंत मागे आली. तिनं हात लावून मला थांबवलं नाही, नुसती सोबत चालत बोलत राहिली. बिब्बा उततो, असं ती सांगत होती. पाणी धरतो, खाजून जीव जातो. तेल जिथवर ओघळतं तिथवर कातडं जातं. हा तर पैशासारखा गोल आहे आणि बसल्या जागी आहे. न दुखणारा बिब्बा तिनं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

“आजी,” मी म्हणाले, “मला अजून नऊ पेशंट बघायचेत.”

मंगळवारी सकाळी तन्वीर मला जिन्यात भेटला. हिवतापासाठी तीनदा रक्त तपासलं होतं, तिन्ही वेळा काही सापडलं नव्हतं. तरी हिवतापाची इंजेक्शनं चालू होती, जोडीला एक महागडं प्रतिजैविक. प्लेटलेट उतरत होत्या, यकृत बिघडत होतं, आणि सकाळपासून श्वास मिनिटाला तीसवर गेला होता.

“ती कमरेवरची खपली,” त्यानं विचारलं, “नक्की बिब्बाच ना?”

“शंभर टक्के.”

“बरं झालं,” तो म्हणाला. “एक गोष्ट तरी पक्की आहे.”

त्याच दिवशी दहा-साडेदहाच्या सुमाराला मी पार्बताबाईला आमच्या ओपीडीच्या दारात पाहिलं. शिपाई तिला केसपेपर मागत होता. तिच्याकडे होता तो सुनेचा, आणि भरती असलेल्या पेशंटचा कागद ओपीडीत चालत नाही, असं तो समजावत होता. कुणाच्या अंगावर काय आहे ते सांग, तुझ्या अंगावर असेल तर तुझा कागद काढ, नाहीतर बाजूला हो. ती माझ्याकडे बघत होती आणि मी तिच्याकडे. माझ्यासमोर नायट्याचा एक पेशंट शर्ट काढून बसला होता. मी त्याच्या पाठीकडे वळले. पुन्हा वर पाहिलं तेव्हा दार रिकामं होतं.

बुधवारी मी त्या वॉर्डात गेले नाही. तिथला कागद नव्हता.

गुरुवारी अकरा वाजता शिपायानं नाव पुकारलं, “पार्बता टेंभुर्णे, वय साठ.” ती आत आली, स्टुलावर बसली आणि केसपेपर माझ्यासमोर ठेवला. तिच्या स्वतःच्या नावाचा. आठ वाजल्यापासून ती रांगेत होती. डावा हात पदराखाली होता, तो तिनं बाहेर काढून टेबलावर ठेवला.

मनगटापासून कोपरापर्यंत हात सुजून दुप्पट झाला होता. मधोमध काळा पट्टा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पाण्यानं भरलेले फोड, काही एकमेकांत मिसळलेले. पट्ट्याच्या खालच्या टोकापासून मनगटाकडे एक बारीक रेघ गेली होती आणि त्या रेघेवरही फोड उठले होते.

माझ्या तोंडून सवयीनं तेच आलं. “बिब्बा कोणी लावला?”

“मीच. परवा दुपारी.”

“कशाला? हाताला काय झालं होतं?”

“काई नाई झालं,” ती म्हणाली. “तुमाले दाखवाले लावला.”

मी पेन खाली ठेवलं.

“हा बिब्बा हाय,” ती म्हणाली. आवाज चढवला नाही. लहान मुलाला अक्षर गिरवून दाखवावं तशी ती बोलत होती. “दोन दिवसाचा. आता चाला न् तिच्या कमरेचा पाहा. दोनी बाजूबाजूले ठेवा. मंग मले सांगा.”

बाहेर चाळीसेक माणसं बसली होती. मी उठले.

दुर्पताची खाट दाराजवळ आणली होती. वॉर्डात खाट दाराकडे सरकली की त्याचा अर्थ सगळ्यांना माहीत असतो. नाकावर ऑक्सिजनचा मास्क, डोळे अर्धवट उघडे, पण ओळख नव्हती. छाती भात्यासारखी चालली होती. तन्वीरनं आणि मी तिला कुशीवर घेतलं. पार्बताबाई खाटेशी वाकली आणि तिनं आपला सुजलेला हात सुनेच्या कमरेला लागून ठेवला.

एका बाजूला फोड, सूज, ओघळ, फाटलेल्या कडा. दुसऱ्या बाजूला एक स्वच्छ गोल, कोरडा आणि काळा, विडी टेकवून विझवावी तसा, आणि त्याभोवती लाल कड. फोड नाही, ओघळ नाही. चार दिवसांत तो पसरला नव्हता. मी दाबला. दुर्पता शुद्धीवर असती तरी तिला दुखलं नसतं. सोमवारी ती शुद्धीवरच होती, आणि तेव्हाही दुखलं नव्हतं.

मग मी सोमवारी केलं नव्हतं ते केलं. जांघेत बोटं घातली. उजव्या बाजूला बोराएवढी गाठ लागली.

आमच्या पुस्तकात एक फोटो होता, डाव्या पानावर, खालच्या कोपऱ्यात. युद्धात जंगलात राहिलेल्या एका सैनिकाच्या मांडीचा. गवतातल्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याचा चावा, आणि चाव्याच्या जागी अशीच न दुखणारी खपली. परीक्षेसाठी मी त्यावर चार ओळी पाठ केल्या होत्या. आमच्या भागात तो आजार कुणी पाहिल्याचं तोवर मी ऐकलं नव्हतं.

“ती गवतात गेली होती?” मी विचारलं.

“गेली न जी. पोळ्याच्या आंधी. बैलायसाठी कालव्याच्या काठचं गवत कापाले. चार दिवस गेली.”

मी तन्वीरला म्हणाले, “स्क्रब टायफस.”

त्यानं वाकून खपली पुन्हा पाहिली. “औषध?”

“डॉक्सीसायक्लिन.”

ते ऐकून तो खाटेच्या कठड्याला टेकला. डॉक्सीसायक्लिनची गोळी रुग्णालयात पोत्यानं होती. तोंडावर मुरमं घेऊन येणाऱ्या कॉलेजच्या पोरींना मी ती रोज लिहून द्यायची. सोमवारी सकाळी सुद्धा तिघींना दिली होती.

बारा वाजून पाच मिनिटांनी गोळ्या कुटून नाकातल्या नळीवाटे पोटात गेल्या. अडीच वाजता दुर्पताचा श्वास तिचा तिला पुरेना, तेव्हा तन्वीरनं घशात नळी घातली. रुग्णालयात व्हेंटिलेटर दोन होते आणि दोन्हींवर माणसं होती. मग राहिली अंबू बॅग. ती हातानं दाबायची रबरी पिशवी असते. दाबली की हवा आत, सोडली की बाहेर. मिनिटाला सोळा-अठरा वेळा, न थांबता. हे काम नातेवाइकांनी करायचं, अशी पद्धत होती, कारण तेवढी माणसं दुसरीकडून यायची नाहीत. दुर्पताच्या नातेवाइकांत एकच माणूस होतं.

तन्वीरनं तिला दाखवलं. तिला लगेच जमलं. डाव्या हातानं दाबू नका, एकाच हातानं दाबा, असं मी सांगितलं. एका हातानं पुरेशी हवा जात नव्हती, हे छातीकडे बघून तिचं तिलाच कळलं आणि तिनं दुसरा हात लावला. संध्याकाळपर्यंत तिच्या हातावरचा एकही फोड शाबूत राहिला नाही. मी दर तासाला जाऊन बॅग घ्यायची, तन्वीर घ्यायचा, एक इंटर्न घ्यायची. आम्ही घेतली की ती खाटेखाली बसून हातावरून वाहिलेलं पाणी पदरानं टिपायची आणि दहा मिनिटांत पुन्हा उठायची.

रात्र तशीच गेली. शुक्रवारी सकाळी मी तिच्याकडून बॅग घेतली तेव्हा वॉर्डात झाडू मारणं चालू होतं. ताप पहिल्यांदाच शंभरच्या खाली उतरला होता. नखं मात्र निळी होती.

“औषद कवा लागू होईन?” तिनं विचारलं.

“दोन दिवस लागतात.”

तिनं मनात काही मोजलं.

“सोमवारी देल्लं असतं तं?”

वॉर्डात सत्तावीस बायका होत्या आणि तितकेच नातेवाईक. कुणाचं आमच्याकडे लक्ष नव्हतं. मी दुसरं काहीही सांगू शकले असते, आणि ती त्यावर विश्वास ठेवायला बांधलेली होती, कारण डॉक्टर मी होते.

“बुधवारी,” मी म्हणाले. “बुधवारी लागू झालं असतं.”

तिनं मान हलवली. मग दोन्ही हात पुढं केले. “द्या,” ती म्हणाली. “तुमी थकल्या.”

दुपारी चार वाजून वीस मिनिटांनी दुर्पताचं हृदय थांबलं. तन्वीरनं अर्धा तास छाती दाबली, मग घड्याळाकडे पाहिलं. पार्बताबाई बॅग दाबतच होती. पुरे म्हणून सांगायला तन्वीरनं तिचा हात धरू पाहिला, पण धरायला चांगलं कातडं कुठं नव्हतं. शेवटी त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिनं आणखी तीन वेळा बॅग दाबली, मग हळूच सोडून दिली आणि सुनेच्या कमरेवरची साडी नीट केली.

मुलगा सहा वाजता पोचला.

फाइलमध्ये माझ्या सोमवारच्या दोन ओळी होत्या. त्यांच्याखाली मी गुरुवारचं मत वेळेसकट लिहिलं होतं. तो कागद बदलता आला असता. रेफरन्सचे कोरे कागद माझ्याच टेबलाच्या खणात असत. तन्वीरनं फाइल बंद करताना तो कागद वाचला, माझ्याकडे पाहिलं, आणि फाइल जशी होती तशी रेकॉर्डला पाठवली. त्यावर आम्ही कधी बोललो नाही. रक्ताचा नमुना बाहेर पाठवला होता, त्याचा अहवाल आठ दिवसांनी आला. त्यात शंकेला जागा नव्हती.

त्या मोसमात मला तशी खपली आणखी सात जणांच्या अंगावर सापडली. काखेत, छातीखाली, जांघेत, एकाच्या करदोट्याखाली. मी बघत होते म्हणून सापडली. त्यांतली सहा माणसं घरी गेली.

दुर्पताच्या दहाव्यानंतरच्या सोमवारी शिपायानं पुन्हा ते नाव पुकारलं. पार्बताबाई तोच केसपेपर घेऊन आली. रांगेतूनच आली होती. हातावर बिब्ब्यानं आणि त्यानंतरच्या दोन दिवसांनी खोल जखम केली होती, मध्ये पिवळी, कडेनं चिघळलेली. पट्टी करण्याचं काम सिस्टरचं. मी तिला राहू दे म्हणाले आणि ट्रे स्वतःकडे घेतला.

मी जखम धुतली. नात कशी आहे विचारलं. आई गवताला गेली असं ती सगळ्यांना सांगते, पार्बताबाई म्हणाली. मुलगा परत कामावर गेला नव्हता.

“दुखतं?” मी विचारलं.

“दुखते. बिब्बा हाय तो.”

पट्टी बांधून झाली. औषधं लिहिली. केसपेपरवर वरच्या बाजूला निदानाची एक ओळ असते. गुरुवारी मी तिथं काही न लिहिताच उठले होते. आता पेन त्या ओळीवर नेलं आणि हात थांबला. माझ्यामागे सिस्टर गॉज मोजत होती. बाहेर पुढच्या पेशंटचं नाव पुकारून झालं होतं.

पार्बताबाईला वाचता येत नव्हतं. पण कुठली जागा रिकामी आहे ते तिला दिसत होतं. तिनं बांधलेल्या हातानं कागद माझ्याकडे थोडा सरकवला.

“लिवा न जी,” ती म्हणाली. “आता लिवा. हा बिब्बाच हाय.”

मी लिहिलं.